कालो न्हाव्याचा बाक

त्या बाकावर नको बसूस पोरी. इकडे ये, खुर्चीत, दिव्याजवळ. बाक ओला आहे. पाऊस नाही, गळती नाही, मग ओला कसा, असं तुझ्या तोंडावर लिहिलंय. सांगते. आधी कॉफी घे. आमच्या या खोऱ्यात दुपार कलली की सूर्य डोंगराआड जातो, आणि मग मे महिना असो नाहीतर डिसेंबर, गारठा हाडांत शिरतो.

मागच्या खोलीत वाजतंय ना, तो ड्यूई. ड्यूई लायल. त्याच्याकडे अजून लक्ष देऊ नकोस.

तू खाली दुकानात विचारत होतीस म्हणे, आमच्या या ब्लूग्रास गाण्याबजावण्याच्या पलीकडचं मँडोलिन या भागात कुणी वाजवतं का. तोच तोच चॉप मारून जीव विटला, म्हणालीस. मला हसू आलं ऐकून. अगं, आमच्या डोंगरात हे असं विचारणं म्हणजे पाद्र्याच्या घरात दारू मागण्यासारखं आहे. पण चूक नाही तुझी. मी उभी हयात डॅडींच्या बँडमध्ये तो माणसाएवढा, जाड तारांचा बास ओढला. आमचं मँडोलिन म्हणजे कुऱ्हाड. ठोका पडला की पुढच्या रिकाम्या जागेत घाव, तोच चॉप. ठोका, घाव. ठोका, घाव. मधूनच कुणीतरी सुसाट सूर पळवून घेतो, लोक आरोळ्या मारतात, आणि परत लाकडं फोडायला लागायचं. त्या लाकडाला दुसराही आवाज असतो, हे मला म्हातारपण आलं तरी ठाऊक नव्हतं.

माझ्या केसांकडे बघतेस तू. मघापासून बघतेस. एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत, हे काय ध्यान म्हणून. तेही त्यातच आलं.

माझे डॅडी, हार्मन रॅटलिफ. या खोऱ्यात मँडोलिन म्हटलं की हार्मन. हात असा चालायचा, आणि जीभ हाताच्या दुप्पट. कुणाचं लग्न असो की मयत, ते चार माणसांत एकाला तरी रडवल्याशिवाय घरी यायचे नाहीत. आणि मग त्यांच्या उजव्या हाताला थरथर लागली. आधी चमचा वाजायचा बशीवर. मग बटणं लागेनात. मग चॉप चुकायला लागला. चॉप चुकला की आमच्यात संपलं सगळं. बँडवाल्यांनी ड्यूईला घेतलं. पोरगा नवा, नुकतं लग्न झालेलं, हसरा, आणि हात चाबकासारखा. डॅडींना म्हणाला काय, "हार्मन अंकल, तुमचा हात आता ताक घुसळायला झकास!" सगळे खो खो हसले. मीही हसले. डॅडी हसले नाहीत. त्यांनी त्या पोराकडे असं बघितलं की मी तिथेच ओळखलं, हे आता मरेपर्यंत विसरायचे नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी जात ती.

त्यांना एकच ध्यास लागला. मरण्याआधी एकदा, सगळ्या खोऱ्यासमोर, त्या ड्यूईचं तोंड बंद पडेल असं वाजवायचं. बाकी जगण्यात त्यांना रस उरला नव्हता.

तर डेकोरेशनचा रविवार आठवड्यावर आला होता. तुमच्याकडेही असेल. थडगी साफ करायची, फुलं ठेवायची, तिथेच गवतावर पंगत मांडायची आणि गाणंबजावणं. डॅडींना लोकांसमोर दाढी वाढवून जायचं नव्हतं, आणि स्वतःच्या हाताने वस्तरा धरायचा म्हणजे गळाच कापायचा. म्हणून शनिवारी मी त्यांना ट्रकमध्ये घालून कालोच्या दुकानात नेलं.

कालो म्हणजे कालोजेरो. इटलीच्या खालच्या त्या बेटावरचा. तरुणपणी खाणीत काम करायला आला, खाणीला घाबरला आणि न्हावी झाला. आम्ही त्याचं नाव कधी पूर्ण घेतलं नाही, जीभच वळायची नाही. आमच्या बापजाद्यांच्या दाढ्या त्याने केल्या. शनिवारी पगार झाला की सगळी खाण त्याच्या दुकानात, काळ्या तोंडाने, या असल्या लांब बाकावर ओळीने बसलेली. त्याच्या गावाकडे न्हाव्याच्या दुकानात मँडोलिन असतंच असतं. खुर्चीतल्याची दाढी चालू असते, बाकावरचे ताटकळतात, त्यांनी उठून जाऊ नये म्हणून वाजवायचं. कालोही तेच करायचा. आमची माणसं त्याची टर उडवायची, पण बसून राहायची.

आम्ही गेलो तेव्हा सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. दुकानात चिटपाखरू नव्हतं. कालो खिडकीशी उभा, हात पोटाशी धरून.

डॅडी म्हणाले, "काय कालो, धंदा बसला वाटतं? सरक, खुर्चीत बसतो."

"बाकावर बस, हार्मन. नंबर आहेत."

"कुणाचे? माश्यांचे?"

कालो हसला नाही. "तू शेवटचा. आणि ही पोरगी तुझ्या मागून."

"तिची काय दाढी करतोस, लेका?"

"केस आहेत की," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल म्हणून मी डॅडींना खूण केली, बसा. बसलो. बाकाच्या अगदी टोकाला जागा होती असं मी आत्ता म्हणतेय, पण बाक तर रिकामाच होता. तरी आम्ही दोघंही टोकालाच बसलो, एकमेकांना खेटून. का, ते विचारू नकोस. वास येत होता. ओल्या कोळशाचा, विझलेल्या दिव्याच्या वातीचा. मी हात टेकला तर फळी ओली.

कालोने भिंतीवरून ते मँडोलिन काढलं. तुझ्या मँडोलिनसारखं सपाट नव्हे, ते जुनं, फुगीर पाठीचं. आमच्याकडे त्याला बटाटकिडा म्हणतात.

डॅडी म्हणाले, "आला किडा! अरे कालो, त्याला चिरड आणि खरं मँडोलिन घे एखादं."

कालोने वाजवायला सुरुवात केली.

आता ते कसं सांगू तुला? ठोका नव्हता. घाव नव्हता. तारेवर नखी इतकी बारीक, इतकी भराभर फिरत होती की ती फिरतेय हे कळतच नव्हतं, सूर नुसता उभा राहायचा. लांबायचा, फुगायचा, बारीक व्हायचा, पण तुटायचा नाही. कुणाला कुठे जायची घाई नाही. मला रडू कोसळलं, बाई. इतकी वर्षं आम्ही त्या लाकडाला नुसतं झोडपलं आणि त्याच्या पोटात हे होतं! मागून येतंय ना, तेच. ऐक... पण त्या दिवशी ते फार सुंदर होतं.

डॅडींची टिंगल बंद पडली. मी बघितलं तर त्यांचा थरथरता हात मांडीवर पडला होता आणि सुराबरोबर हलत होता. अगदी बरोबर. कालोची नखी आणि डॅडींचा आजार, दोन्हींची चाल एक.

कालोनेही ते बघितलं. वाजवता वाजवता तो डॅडींसमोर येऊन उभा राहिला. त्याची बोटं मी तेव्हा जवळून पाहिली. वाकडी झाली होती, गाठी गाठी, नखांखाली रक्त सुकलेलं.

"हार्मन," तो म्हणाला, "माझा हात थकला रे. तुझा थकायचाच नाही."

आणि त्याने मान हलवली.

तू वाजवतेस, तुला त्या मानेचा अर्थ सांगायला नको. आमच्यात गाणं गोल फिरतं. वाजवणाऱ्याने तुझ्याकडे बघून मान हलवली की गाणं तुझं. घर जळत असलं तरी आधी आपली फेरी वाजवायची, मग बादली शोधायची. नाही म्हणायची रीत नाही. आणि घेतलेलं गाणं जसंच्या तसं कुणी वाजवत नाही, आपलं काहीतरी त्यात घालतोच. डॅडींना लहानपणापासून हेच वळण. कालो आमच्यात म्हातारा झालेला. त्याला हे पुरतं ठाऊक होतं.

डॅडींनी मँडोलिन घेतलं. नखी धरली. हात त्यांनी हलवलाच नाही, हात आपला हलतच होता. आणि तो सूर निघाला. कालोपेक्षा भरीव, कालोपेक्षा लांब. हाताला थरथर लागल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"ऑर्फी," मला म्हणाले, "हे बघ गं... बघ माझा हात!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

कालो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. म्हणाला, "किडा घेऊन जा. बाकही घेऊन जा. रोज सूर्य डोंगराआड गेला की वाजवायला बस. बाक कोरडा झाला की थांब. त्याच्या आधी थांबायचं नाही, हार्मन. वाट बघणाऱ्याला उठवायचं नसतं."

"आणि माझी दाढी?" डॅडींनी विचारलं.

"नंबर आला की होईल."

डॅडी इतके खूष होते की दाढी न करताच निघाले. मी आणि कालोने बाक उचलून ट्रकमध्ये ठेवला. रिकाम्या फळीचा तो बाक, आणि ट्रक मागून खाली बसला. वर चढताना इंजिन असं कण्हत होतं की जणू मागे खच्चून माणसं भरलीत.

दुसऱ्या दिवशी कालो मेलेला सापडला. आपल्याच खुर्चीत, गळ्याला कापड बांधलेलं, आणि दाढी गुळगुळीत केलेली. त्याची दाढी कुणी केली, याचा सगळ्या खोऱ्याला प्रश्न पडला. वस्तरा ओला होता म्हणे.

आता वरच्या खाणीची गोष्ट. मी पाळण्यात होते तेव्हाची, पण इथल्या प्रत्येक पोराला ती दुधाबरोबर पाजतात. शनिवारीच आग लागली. जेवढे बाहेर काढले तेवढ्यांची प्रेतं शाळेत ओळीने ठेवली आणि कालोने रडत रडत सगळ्यांच्या दाढ्या केल्या, बायकांना तोंडं ओळखता यावीत म्हणून. आत अजून माणसं होती. पण आग पसरायला लागली आणि साहेबांनी खाणीचं तोंड विटांनी बंद करून टाकलं, हवा तुटून विझावी म्हणून. भिंत ओली होती तोवर आतून ठोके येत होते. बायका विटा नखांनी उकरत होत्या. आणि कालो, मूर्ख, दयाळू माणूस, तिथे ओरडला, "मी दुकान बंद करत नाही! तुम्ही येईपर्यंत वाजवत बसतो!"

ते आले. तो वाजवत बसला.

हे मला त्या आठवड्यात कळलं, कारण रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर हा बाक भिजायचा. आधी एका टोकाशी डाग, मग सरकत सरकत पूर्ण फळी. डॅडी समोर बसून वाजवायचे. कधी तासाभरात बाक सुकायचा, कधी उजाडायचं. मी म्हटलं, "डॅडी, हे बरं नाही. फेकून देऊ या."

"फेक तुझा तो बास," ते म्हणाले. "उभा जन्म धमधम केलंस, एक सूर तरी काढलास का? मला रविवारी वाजवायचंय. त्या भुरट्याचं थोबाड बघायचंय."

तरी तिसऱ्या रात्री त्यांनी हाक मारली मला. हळू आवाजात. म्हणाले, "ऑर्फी... माझा हात धर जरा. दोन मिनिटं."

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला. सूर थांबला. आणि बाक करकरला, पोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसलेली माणसं एकदम उठतात तेव्हा फळी जशी सुटते, तशी. ओट्याच्या फळ्यांवर पाणी टपकलं, एक थेंब, दुसरा थेंब, आमच्या दिशेने...

"सोड!" डॅडी किंचाळले. "सोड माझा हात!"

सोडला. हात थरथरायला लागला, सूर लागला. पाणी तिथेच थांबलं, मग मागे गेलं.

रविवारी स्मशानात सगळं खोरं जमलं. तळलेली कोंबडी, घेवडे, मक्याचा पाव, थराथरांचे केक. लोक आपापल्या खुर्च्या आणतात, तसा आम्ही आमचा बाक नेला. डॅडी हटून बसले होते. तारेच्या कुंपणापलीकडे इटलीवाल्यांचा भाग, आणि तिथे तो एक दगड, नुसती नावं कोरलेला. त्याच्याखाली कुणीच नाही, ते सगळे अजून विटांमागेच आहेत.

बँड वाजला. ड्यूईने झकास वाजवलं, खोटं कशाला बोलू. आणि मग डॅडींकडे बघून म्हणाला, "अंकल, बटाटकिडा आणलात वाटतं? चावत नाही ना?"

"जवळ ये, म्हणजे कळेल," डॅडी म्हणाले.

सूर्य डोंगराआड गेला आणि त्यांनी वाजवायला घेतलं. तोंडातला घास तोंडात राहिला लोकांच्या. म्हाताऱ्या बायका पदरासारखे एप्रन डोळ्यांना लावायला लागल्या. ड्यूईचा जबडा खरंच उघडा पडला. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "हे काय आहे रे? आपल्याला का नाही येत असं?" डॅडींना जे हवं होतं ते सगळं, सगळं मिळालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आनंद दिसायला हवा होता. ते घामाने भिजले होते आणि बाकाकडे बघत होते.

बाक भरला होता. फळी मधोमध वाकली होती. आणि जमलेले पुरुष, एकेक करत, नकळत आपल्या हनुवट्या चोळायला लागले होते.

डॅडींनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, मान माझ्याकडे हलणार. सख्ख्या बापाने असा विचार केला, मी पाहिला तो त्यांच्या डोळ्यांत. पण मी बासवाली. माझ्याकडे फेरी कधीच येत नाही. माझं नशीब. त्यांनी तोंड वळवलं, ड्यूईकडे बघून गोड हसले आणि मान हलवली.

बिचाऱ्याने उडीच मारली. आपलं मँडोलिन ओढलं आणि सूर पकडला. आमच्या पद्धतीनेच, अर्थात. पळवला, तोडला, मध्ये चॉप घातला. लोकांच्या जिवात जीव आला, पाय वाजायला लागले. आणि शेवटी त्याने आमची ती सात ठोक्यांची शेपटी लावली. तुला माहीत आहे, पाच वाजवणाऱ्याचे, शेवटचे दोन लोकांचे. त्याने पाच वाजवले आणि हात उंच करून थांबला.

लोक टाळी द्यायचं विसरले.

बाकाच्या फळीवर दोन ठोके पडले. टक्. टक्. विटेवर पडावेत तसे.

मी डॅडींकडे बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. शांत. नुकत्याच झोपलेल्या पोराच्या हातासारखा. त्यांनी बोटं उघडली, मिटली. पाण्याचा ग्लास उचलला आणि एक थेंब न सांडता प्यायले.

पलीकडे ड्यूईने ग्लास उचलला, आणि तो त्याच्या दातांवर कडकड वाजायला लागला.

म्हणजे बघ, कालोने रांग दिली होती, डॅडींनी त्यात आपली थरथर घातली. आमच्यात घेतलेलं गाणं कुणी जसंच्या तसं पुढे देत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ड्यूई आमच्या दारात. तोंड पांढरंफटक. त्याच्या ओट्यावरचा झोपाळा भिजला होता, त्याच्या बायकोच्या उशाशी कुणीतरी ओल्या बुटांनी उभं होतं. "अंकल, पाया पडतो. परत घ्या. तुम्हाला येतं ते... मला झेपत नाही."

डॅडी खुर्चीत बसून, माझ्यादेखत, सुरीने सफरचंद सोलत होते. एक लांबच लांब साल, कुठे न तुटणारी. म्हणाले, "ताक घुसळ की, बाळा. तुझा हात आता झकास आहे." आणि दाराला आतून अडसर घातला. ड्यूई बराच वेळ दार वाजवत होता. मग रडत रडत ओट्यावरच बसला आणि वाजवायला लागला, कारण बाक भिजला होता. डॅडी आत पाय ठोकून ताल धरत होते, मुद्दाम चुकीचा. इतकं हसले त्या रात्री की खोकला लागला.

सकाळी ड्यूईचा डोळा लागला होता, आणि डॅडी बाकावर होते. टोकाला, जिथे आम्ही दुकानात बसलो होतो तिथेच. दाराला अडसर तसाच. गळ्याला कापड. गाल लहान मुलासारखे मऊ, कुठे ओरखडा नाही. कानामागे साबणाचा थोडा फेस राहिला होता, काळा. त्यांचा नंबर आला होता.

मी रडले का? रडले. आणि रडता रडता मला आठवलं, कालो काय म्हणाला होता. "ही पोरगी तुझ्या मागून."

तेव्हापासून ड्यूई माझ्याकडे आहे. त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नाही. मी त्याला मागची खोली दिली. घेवडे आणि मक्याचा पाव मी चमच्याने भरवते, म्हणजे हात रिकामा राहतो. हिवाळ्यात नखी निसटायला लागली तेव्हा मी ती बोटांना दोऱ्याने बांधली. ओरडला तो. मी म्हटलं, "ओरड, पण वाजव." तू मला राक्षसीण म्हणशील. म्हण. मागच्या महिन्यात त्याला ताप आला आणि तो वाजवता वाजवता झोपला. मी इथे, या खुर्चीत डुलकी काढत होते. मानेला गार लागलं. जागी झाले तर माझ्या दोन वेण्यांतली एक मांडीवर पडलेली, कानापाशी एका कातरीत कापलेली. फक्त एक बाजू. मी जोरात हाक मारली, तो उठला, सूर लागला, म्हणून दुसरी बाजू राहिली. म्हणून मान राहिली.

असे दिवस काढतेय. पण ड्यूई आता संपत आलाय. रोज मला म्हणतो, "ऑर्फी, कुणीतरी बघ गं. माझा नंबर आला तरी चालेल." मी कुठून आणू? आमच्या खोऱ्यातली पोरं इकडे फिरकत नाहीत. ती चॉपच बरा म्हणतात.

आणि आज दुपारी दुकानदारीण सांगत आली, एक पोरगी आलीय दूरच्या शहरातून. मँडोलिन घेऊन. ब्लूग्रासच्या पलीकडचं शोधतेय.

वाईट वाटतं का म्हणून विचारू नकोस. थोडं वाटतं. कॉफी छान झालीय म्हणालीस ना, तेव्हा वाटलं. मागची खोली मी झाडून ठेवलीय. चादर धुतलेली आहे. मी भरवते नीट, हयगय करत नाही.

ऐकलंस? थांबला तो.

घाबरू नकोस, बाकाकडे बघू नकोस. उठत असतील, उठू देत. तू दाराकडे बघ. तो आलाय. हो, तोच ड्यूई, सत्तावीसचाही नाही अजून. दिव्यात दिसतोय ना तुला? काही बोलणार नाही तो. तू फक्त बघ त्याच्याकडे.

...

बस्स. एवढीच हलली मान. बघ, त्याचा हात कसा शांत झाला.

कप खाली ठेव, पोरी. कॉफी सांडतेय तुझी.